वाडीचा बुकिंग काउंटर आणि शून्य तक्रारींचा अहवाल

नागपूरच्या एका मालवाहतूक कंपनीत नवी बुकिंग सिस्टिम चालू होऊन तीन आठवडे झाले, तेव्हा आयटी विभागाने मालकांपुढे पहिला अहवाल ठेवला. हेल्पडेस्क पोर्टलवर आलेल्या तक्रारी: शून्य. दुसऱ्या पानावर सर्वांत मोठ्या ग्राहकांची यादी होती आणि यादीत सगळ्यात वर नाव होतं 'जनरल पार्टी'. अशी पार्टी बाजारात कोणी नाही. काउंटरवरच्या बाबूंनी तयार करून ठेवलेलं ते खोटं खातं. माल घेणाऱ्याचा जीएसटी क्रमांक मिळाला नाही, की बिल्टी (वाहतूकदाराची माल-पावती) 'जनरल पार्टी'च्या नावे. पहिल्या पानाने मालकांना बरं वाटलं, दुसऱ्याने त्यांची झोप उडाली, आणि प्रकरण माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

कंपनीचं नाव देत नाही. सुट्या मालाची वाहतूक करणारा घरचा धंदा, दुसरी पिढी गादीवर. वाडीला अमरावती रोडवर गोडाऊन, इतवारीत जुनी बुकिंग शाखा, हेड ऑफिस रामदासपेठेत. इतवारी-गांधीबागेतलं कापड, हार्डवेअर, प्लास्टिकचं सामान, औषधांचे खोके असा माल चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे आणि राज्याबाहेर रायपूर, जबलपूरकडे जातो. नागपूरला ४४ आणि ५३ हे दोन राष्ट्रीय महामार्ग भेटतात, त्यामुळे या धंद्याला इथे मरण नाही. पण स्पर्धाही तेवढीच.

जुना प्रोग्राम कधीकाळी एका ओळखीच्या पोराने लिहून दिलेला होता. तो फक्त बिल्टी छापायचा. हिशेब वेगळा, ई-वे बिल (माल रस्त्याने नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन दाखला) वेगळं, गाडीचं चलान (गाडीत चढवलेल्या मालाची यादी) हाताने. नव्या सिस्टिममध्ये हे सगळं एकत्र येणार होतं आणि ही कल्पना चांगलीच होती. आयटी विभाग तीन माणसांचा आणि सॉफ्टवेअर बनवणारी एजन्सी परराज्यातली. एजन्सीशी करार ठरावीक रकमेचा होता, नंतरच्या प्रत्येक बदलाचे पैसे वेगळे.

ही शेवटची अट लक्षात ठेवायला हवी. आयटीप्रमुखांना दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या: वर एक रुपया लागणार नाही, आणि १ ऑक्टोबरला, म्हणजे दुसरी सहामाही सुरू होते त्या दिवशी, सिस्टिम चालू झाली पाहिजे. एखादी तक्रार सिस्टिमचा दोष म्हणून मान्य केली की तिचं बिल येणार. तीच तक्रार 'प्रशिक्षण कमी पडलं' या खात्यात टाकली तर फुकटात भागतं. मग कोणत्या खात्यात तक्रारी जास्त पडतील, हे सांगायला ज्योतिषी नको. आयटीवाले खोटं बोलत नव्हते, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांना तसं दिसत होतं, कारण तसं दिसण्यातच त्यांची सोय होती.

सही कोणाची घेतली

गरजा समजून घेण्याच्या बैठका हेड ऑफिसला झाल्या. मालक, अकाउंट्सच्या मॅडम, ऑपरेशन्सचे साहेब. काउंटरवरचं कोणी नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. बैठका दुपारच्या आणि दुपारी काउंटरचे बाबू डिलिव्हरीच्या हिशेबात अडकलेले. 'त्यांचं साहेबांना माहीत आहेच' असं धरून चाललं. साहेबांना माहीत होतं ते खरं, पण ते स्वतः काउंटरवर बसत होते त्या काळातलं.

स्वीकृती चाचणीही तशीच. एजन्सीने दाखवायला तयार केलेल्या बिल्ट्यांमध्ये पाठवणारा 'एबीसी ट्रेडर्स', घेणारा 'एक्सवायझेड एंटरप्रायझेस', दोघांचे जीएसटी क्रमांक तयार, वजन पूर्ण आकड्यात. सगळं हिरवं दिसलं आणि मॅडमनी सही केली. 'वापरणाऱ्यांनी तपासून पाहिलं' असं ज्या कागदावर छापलं होतं, त्यावर जन्मात एकही बिल्टी न फाडलेल्या व्यक्तीची सही होती.

प्रशिक्षण दसऱ्याच्या आठवड्यात ठेवलं. नागपुरात राहून कॅलेंडरकडे न पाहिल्याचा हा नमुना. विजयादशमीला दीक्षाभूमीवर लाखोंची रीघ लागते. काउंटरवरचे आणि गोडाऊनमधले अर्धेअधिक लोक त्या दिवसांत स्टॉलवर पाणी-जेवण वाटायला असतात किंवा गावाकडून आलेल्या पाहुण्यांत असतात. आले ते मोजके, तेही घाईत. हजेरीपटावर मात्र 'पूर्ण' असा शिक्का पडला. शिवाय दिवाळीचा माल खेड्यापाड्यांत पोचवायचे दिवस नेमके हेच, वर्षातले सगळ्यात गर्दीचे.

दोन बिल्ट्या

मी पहिली गोष्ट मागितली ती जुन्या बिल्टीबुकातल्या एका संध्याकाळच्या नकला. त्यातल्या दोन इथे देतो. आयटी आणि काउंटर यांच्यातलं जवळपास सगळं भांडण या दोनांत सापडतं.

पहिली: 'प्लास्टिक खुर्च्या, ३ बंडल, पैकी १ फाटका, पार्टीच्या जोखमीवर. टू-पे. मु. मूल. घेणाऱ्याचा फोन मागील बिल्टीप्रमाणे.'

टू-पे म्हणजे भाडं माल घेणारा देणार. मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. घेणारा छोटा दुकानदार, जीएसटीत नोंदणी नाही. फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणीची सक्ती नसते. सरकारच्या ई-वे बिल पोर्टलवरही अशा घेणाऱ्यासाठी क्रमांकाच्या जागी 'यूआरपी' (नोंदणी नसलेली व्यक्ती) लिहायची सोय आहे. म्हणजे कायद्यात त्याला जागा होती, आमच्या स्क्रीनवर नव्हती. तिथे पंधरा अक्षरी क्रमांक भरल्याशिवाय पुढचा रकानाच उघडत नसे. एका बाबूने मला विचारलं, "काऊन जी, नंबर नसला तं त्या माणसाने खुर्च्या मागवूच नये का?" जनरल पार्टीचा जन्म इथला.

खुर्च्या वजनाला हलक्या आणि जागेला भारी. अशा मालाचं भाडं खऱ्या वजनावर लावलं तर गाडी भरून जाते आणि गल्ला रिकामा राहतो. म्हणून घनफुटाच्या हिशेबाने 'चार्ज वजन' धरतात. स्क्रीनवर वजनाचा रकाना एकच होता. बाबू त्यात चार्ज वजन भरायचे, आणि लोडिंगच्या अहवालात गाड्या क्षमतेपेक्षा जास्त भरलेल्या दिसायच्या. यावरून ऑपरेशन्सच्या साहेबांनी गोडाऊनच्या माणसांना दोनदा झापलं होतं.

सगळ्यात नाजूक शब्द 'पैकी १ फाटका'. रस्तेवाहतूक कायदा २००७ सालचा, अमलात आला १ मार्च २०११ पासून. त्यानुसार वाहतूकदाराने दिलेली माल-पावती हा त्यात लिहिलेल्या वजनाचा, नगांचा आणि तपशिलाचा प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. माल फाटका आला आणि पावतीवर तसं लिहिलं नाही, तर तो आपल्याकडे फाटला असंच समोरचा म्हणणार. नव्या स्क्रीनवर शेऱ्याचा रकाना होता, पण शेरा छापील बिल्टीवर येत नव्हता. एजन्सीच्या लेखी तो 'अंतर्गत टिपण' होता. बाबूंच्या लेखी ती ढाल होती, कारण नुकसानभरपाई निघाली की पहिला प्रश्न त्यांच्याच पगाराला येतो.

दुसरी बिल्टी: 'कापड, २ गाठी, बिल ७२ हजार, गडचिरोली.' सिस्टिम म्हणे, ई-वे बिल क्रमांक भरा. बाबू म्हणे, लागतच नाही. खरं बाबूचं होतं. ५० हजारांची मर्यादा सर्वसाधारण नियमाची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल, तर १ जुलै २०१८ पासून ती एक लाख आहे. परराज्यातल्या एजन्सीने एकच आकडा बसवला होता आणि सही करणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नव्हतं. काउंटरवरच्या बारावी पास बाबूला हे तोंडपाठ होतं, कारण त्याला ते रोज लागतं.

आता संध्याकाळी सहा ते दहाचा काउंटर डोळ्यांपुढे आणा. बाहेर टेम्पो आणि ठेल्यांची रांग. हमाल माल उतरवता उतरवता ओरडतो, "बावीस नग, वरोरा!" बाबू ऐकतो तसं लिहितो: आधी नग, मग गाव, मग माल, पाठवणाऱ्याचं नाव शेवटी. नव्या स्क्रीनवर सुरुवात पाठवणाऱ्याच्या पत्त्यापासून, आणि नगांची संख्या तिसऱ्या टॅबमध्ये. तोवर हमालाने पुढच्या मालाची हाक दिलेली असते.

दुसऱ्याच रात्री जुनी वही बाहेर निघाली. बिल्टी वहीवर, चलान हाताने, आणि गाडी गेल्यावर रात्री अकरानंतर सिस्टिममध्ये नोंदी. यात एक खरा धोका होता. ई-वे बिलाच्या भाग 'ब' मध्ये गाडीचा क्रमांक भरल्याशिवाय, थोड्या अंतराची सूट सोडली तर, गाडी रस्त्यावर काढता येत नाही. इथे गाडी बुटीबोरी पार करून गेल्यावर तो भरला जात होता. जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल आणि गाडी दोन्ही अडकू शकतात. अडकली नाही, हे कंपनीचं नशीब.

आणि पोर्टलवर तक्रार का नाही? पोर्टलवर लॉगिन करायला कंपनीचा ईमेल लागत होता. बाबूंना ईमेल दिलेलेच नव्हते. व्हॉट्सॲप ग्रुप होता, पण त्यात मालक होते. मालकांपुढे कोण म्हणणार की तुमची लाखोंची सिस्टिम चालत नाही?

विरोध कशाला म्हणायचा

हेड ऑफिसला एकच वाक्य ऐकू यायचं: "त्यांना बदल नको आहे." वाडीला दुसरं: "एसीत बसून स्क्रीन बनवून राहिले. एक दिवस इथं येऊन गर्दीत बिल्टी फाडून दाखवा म्हणा."

या विषयात लिन मार्कस यांनी १९८३ साली एक जुना पण अजून कामाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका मोठ्या कंपनीत मध्यवर्ती हिशेब यंत्रणा बसवली, आणि विभागांचे हिशेबनीस दुप्पट कष्ट पडत असूनही आपल्या जुन्या पद्धतीने हिशेब ठेवत राहिले. मार्कस यांनी अशा विरोधाच्या तीन उपपत्ती तपासल्या. माणसंच तशी असतात ही एक, सिस्टिम वाईट आहे ही दुसरी. तिसरी अशी की सिस्टिममुळे कोणाच्या हातातली सत्ता कोणाकडे जाते ते बघा. त्यांचा कल तिसरीकडे होता. तिथे विभागांच्या हातातली माहिती मध्यवर्ती कार्यालयाकडे चालली होती.

आमच्याकडे हेड ऑफिसने पहिली उपपत्ती धरली होती आणि वाडीने दुसरी. तिसरी दोघांनाही माहीत होती, पण तिच्याबद्दल बोलत कोणी नव्हतं. ती भाड्याच्या भावाची होती, म्हणजे दर कोणाच्या हातात याची. तिच्याकडे पुढे येतो.

काउंटरवर खुर्ची

मी सुचवलेले उपाय फार हुशारीचे नव्हते. आयटीतल्या ज्युनियर डेव्हलपर मुलीने रोज संध्याकाळी वाडीच्या काउंटरवर बसायचं, बघायला म्हणून नाही, तर बिल्ट्या करायला. आयटीप्रमुखांना हे पटलं नाही. "डेव्हलपरने डेटा एंट्री करायची?" मालकांनी होकार दिला म्हणून झालं. पहिले दोन-तीन दिवस बाबूंनी तिला चहा पाजला आणि गप्प बसले. मग एका गर्दीच्या वेळी नगांचा टॅब उघडेपर्यंत तिची स्वतःचीच रांग दारापर्यंत गेली आणि मागून हमाल ओरडायला लागला, "ताई, हात चालवा ना वो!" त्या रात्री तिने रकान्यांचा क्रम कागदी बिल्टीसारखा लावून घेतला. यासाठी एजन्सीची गरज नव्हती, ती सोय सेटिंगमध्येच होती. वापरणाऱ्याच्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं म्हणून ती कोणाला दिसली नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे काउंटरला दोरीने बांधलेली एक वही. अडचण लिहायची, नाव लिहिलं नाही तरी चालेल. आयटीने दोन दिवसांत त्याच पानावर उत्तर लिहायचं: झालं, होणार, किंवा नाही आणि का नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त काम या 'नाही आणि का नाही'ने केलं. उदाहरणार्थ, जुन्या तारखेची बिल्टी खोडायची मुभा बाबूंना हवी होती. उत्तर गेलं, नाही, कारण पार्टीची प्रत बाहेर गेलेली असते आणि हिशेब तपासणीत दोन बिल्ट्या दिसल्या तर उत्तर कोणी द्यायचं. त्याऐवजी दुरुस्तीची वेगळी नोंद मिळेल. अकाउंट्सच्या मॅडम स्वतः येऊन हे समजावून गेल्या. कुरकुर झाली, पण विषय मिटला. त्याआधी अशा मागण्यांना 'बघतो' हे उत्तर मिळायचं, आणि 'बघतो'चा अर्थ काय होतो हे सगळ्यांना कळतं.

खरा पेच बिल्टी पूर्ण भरण्याचा होता. आयटीला अर्धवट नोंद नको, आणि ते बरोबर. काउंटरला हातातला माल थांबवता येत नाही, तेही बरोबर. अपुरी बिल्टी मालाबरोबर गोडाऊनमध्ये पडून राहिली तर बिघडत काहीच नाही, बिघडतं ती गाडीत चढल्यावर. म्हणून सक्तीची जागा बदलली. बिल्टी 'कच्ची' म्हणून लगेच निघेल, तिला नंबर मिळेल. पण ती 'पक्की' झाल्याशिवाय लोडिंग चलानात चढणार नाही, आणि चलान झाल्याशिवाय गेटपास नाही. बिल्टीवर एका माणसाला घाईत करावी लागणारी तपासणी आता चलानाच्या वेळी दुसरा माणूस थोड्या निवांतपणे करतो. या बदलाचे, यूआरपीचे, चार्ज वजनाचे आणि छापील शेऱ्याचे पैसे एजन्सीला द्यावे लागले. एक लाखाच्या मर्यादेचे मात्र दिले नाहीत, ती त्यांची चूक होती.

समांतर चालवण्याचंही बोलायला हवं. जुनी आणि नवी सिस्टिम महिनाभर बरोबर चालवायची असं ठरलं होतं, आणि दोन्हीकडच्या नोंदी त्याच बाबूंनी त्याच गर्दीत करायच्या होत्या. जादा माणूस दिला नाही तर समांतर चालवणं म्हणजे शिक्षा आहे. आकडे जुळले नाहीत यात नवल काय? नंतर फक्त चंद्रपूर लाइन समांतर ठेवली आणि एक माणूस वाढवून दिला.

या सगळ्यापेक्षा काउंटर वळला तो एका छोट्या अहवालाने. बाबूंना रात्री रोकड जुळवायला थांबावं लागायचं: पेड बिल्ट्या वेगळ्या, टू-पे वेगळ्या, हमालीचे सुटे पैसे वेगळे. त्या मुलीने दिवसाच्या बिल्ट्यांवरून एका बटणावर रोकड-मेळ काढून दिला. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली दाखवलं होतं की सिस्टिम वापरायला किती सोपी आहे यापेक्षा ती आपल्या कामाची आहे असं वाटणं जास्त वजनदार ठरतं. त्याआधीचा प्रत्येक अहवाल हेड ऑफिसच्या कामाचा होता. बाबूला घरी लवकर सोडणारा हा पहिलाच.

भावाचा प्रश्न

मोठ्या पार्टीला भाड्यात सूट देणं हा बाबूंचा, विशेषतः जुन्या मुनीमजींचा अधिकार होता. कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना मान्य. नव्या सिस्टिममध्ये दर कुलूपबंद. सूट द्यायची तर साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी. रात्री आठला साहेब फोन उचलत नाहीत, आणि पार्टी समोर उभी. मुनीमजी म्हणाले, "तीस वर्षं झाले, पार्टी माझ्या शब्दावर माल टाकते. आता मी तिला म्हणू का, थांब बापा, मेसेज येऊन राहिला?"

इथे वापरायच्या अडचणीची आणि अधिकार गेल्याची तक्रार एकमेकींत मिसळल्या होत्या. दुसरी कोणी उघड बोलत नव्हतं, म्हणून तीही 'सिस्टिम स्लो आहे' या नावाखाली यायची. आयटीने यात पडायचं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. दर कोणाच्या हातात असावा हा मालकाचा निर्णय. तो सॉफ्टवेअरच्या आडून घेतला की शिव्या आयटीला बसतात आणि निर्णय कोणी घेतला ते कळतच नाही. मालकांनी बराच वेळ घेतला. सूट खिशातून कुठे जाते याचा त्यांना संशय होता, तो बोलून दाखवायचा नव्हता. अखेर ते वाडीला येऊन बसले आणि सांगितलं: ठरावीक टक्क्यांपर्यंत बाबू आपल्या नावाने सूट देईल, ओटीपी नको, पण महिन्याच्या शेवटी कोणी कोणाला किती दिली हे सगळ्यांसमोर वाचलं जाईल. त्या टक्क्यांच्या वर सूट द्यायची तर ओटीपी लागेल. मुनीमजींना मोठी मर्यादा मिळाली. एका बाबूने बदली मागून डिलिव्हरी विभागात जाणं पसंत केलं. त्याचं कारण कोणी विचारलं नाही.

आजची स्थिती

वाडीला कच्ची वही बंद आहे. यूआरपीची सोय झाल्यावर जनरल पार्टीचं खातं गोठवलं. जुन्या नोंदी मात्र तशाच राहिल्या, त्या सोडवायला कोणाला वेळ नाही. इतवारीची शाखा अजून वहीवर चालते. तिथली गल्ली अरुंद, इंटरनेट भरवशाचं नाही, आणि माझ्या अंदाजाने मुनीमजींचे जुने सोबती तिथे असल्यामुळेही.

पुढचा टप्पा डिलिव्हरीचा आहे आणि तो जास्त अवघड जाईल. तालुक्याच्या गावी माल पोचवणारे लोक कंपनीचे नोकर नाहीत, कमिशनवर काम करणारे एजंट आहेत. त्यांना हुकूम देता येत नाही. आयटीप्रमुखांनी त्यांच्यासाठी पुन्हा रामदासपेठेत बैठक लावायची तयारी केली होती. मुनीमजींनीच अडवलं: एजंट महिन्याच्या हिशेबाला वाडीला येतातच, तेव्हाच बसवा. तसं बसवलं. एजन्सीने डिलिव्हरीसाठी घेणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी ठेवला होता. मूलकडच्या एजंटने पहिल्याच अर्ध्या तासात सांगितलं की दुकानदार स्वतः येतच नाही, पोट्ट्याला पाठवतो, आणि फोन दुकानदाराजवळ असतो. ओटीपीचा स्क्रीन थांबवला आहे. सही, फोटो की दोन्ही यावर एजंटांची पुढची बैठक हिशेबाच्याच दिवशी आहे, आणि या वेळी एजन्सीचा माणूसही वाडीला येणार आहे, त्याच्या खर्चाने.